भावजयीला दिलेला अ‍ॅडमिन

९ फेब्रुवारी २००८

मढच्या लग्नाचे मूळ फोटो गेले. सगळे. बापूने सीडीवर मावावेत म्हणून बारीक केले आणि त्याच नावाने, त्याच जागी सेव्ह केले. जुन्यावर नवे. उरलेत ते पोस्टकार्डाएवढे छापले तर ठीक. त्याच्यावर गेलं की नुसते ठोकळे.

मुलीचे वडील आज मढवरून एसटीने आले. नवरीच्या आजोबांचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये हवा होता. होईल तेवढा मोठा करून दाखवला. बघत राहिले. मग म्हणाले, "आवो भाऊ, आमचा म्हातारा उभ्या जन्मात क्यामेऱ्यापुढं न्हाई बसला. नातीचं लगीन म्हनून बसला. लई मोठा नगं, पन त्याचं डोळं तरी दिसाया पायजेल का न्हाई?"

डोळे दिसत नाहीत.

चहा पाजला, फाट्यावरच्या एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. दुसरं काय करणार.

बापूला काही बोललो नाही. धाकटा भाऊ असला तरी स्टुडिओत निम्मा आहे. शूटिंग त्याचं, मशीनवरचं काम माझं, अशी विभागणी तोंडी. मशीनवर मात्र दोघं एकाच नावाने बसतो. मशीनला काय कळणार थोरला कोण, धाकटा कोण, कोणाला काय पुसू द्यायचं.

१० फेब्रुवारी

लाइट जायच्या आत काम उरकायचं म्हणून लवकर दुकान उघडलं.

गेल्या दिवाळीत व्हायरसने विंडोज झोपलं, तेव्हा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स मीच घातलं. आळ्यापासून जुन्नरपर्यंत शिकवणारा कोणी नव्हता, आजही नाही. रेडिओ दुरुस्ती असाच शिकलो, डार्करूम अशीच शिकलो. आता मशीनमधली मदतीची पानं छापून घेतली आहेत, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. एवढं वाचून, वेगवेगळे युजर कशाला करायचे ते पान मात्र 'आपल्याला लागणार नाही' म्हणून उलटलं होतं. वाटलं, भावाभावांत कशाला.

आज adduser bapu केलं, म्हणजे बापूचा वेगळा युजर. मूळ फोटोंचा फोल्डर माझ्या मालकीचा. बापूला बघता येईल, कॉपी घेता येईल, त्यावर लिहिता येणार नाही, पुसता येणार नाही. ls -l मारून बघितलं. -rw-r--r--. पहिलं rw माझं, पुढच्यांना नुसतं r. ही ओळ बघून फार बरं वाटलं. फडताळात भांडी जागच्या जागी लागावीत तसं.

११ फेब्रुवारी

बापू: "मला येगळं काढलं का दादा?"

सांगून बघितलं की हे फोटोंच्या भल्यासाठी. "आसंल. पन एका ताटात जेवलेली मानसं आपन. शेताचा बांध घातला न्हाई आजून, अन् मशीनमधी घातला."

पासवर्ड ठेव म्हटलं तर भिंतीवर कॅलेंडरशेजारी मार्करने लिहून ठेवला. "लपवायचं काय त्यात?" मी पुसला. त्याने दुसरा ठेवला, तोही लिहिला. यावेळी कॅलेंडरच्या मागे. ही त्याची सुधारणा.

२१ फेब्रुवारी

लग्नांची गर्दी. बापू रोज बाहेर. अल्बमचं काम तुंबलंय. पेठच्या पार्टीचा रोज फोन.

जेवताना आमची बायको मंदा म्हणाली, "वैशालीला बसवा की. लग्नाआधी पेठला कंप्युटरचा कोर्स केलाय तिनं. अल्बम लावंल, रंग करंल. घरात बसून भाकऱ्याच थापतीय."

वैशाली बापूची बायको. कल्पना चांगली. पण मी थोरला दीर. लग्नाला सहा वर्षं झाली तिच्या, माझ्यापुढे पदर सावरून उभी राहते. काही सांगायचं झालं तर मंदाला सांगते, मंदा मला. नियम कोणी घातला नाही. आमच्या आईनेही थोरल्या चुलत्यांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. मग शेजारी खुर्ची टाकून मी तिला मशीन कसं शिकवणार?

मंदा: "ते तुमी बघा. एवढं इंग्रजी वाचता ना?"

२४ फेब्रुवारी

तोड निघाली. मी दुपारी जेवायला आळ्याला घरी येतो आणि पडतो, तेव्हा वैशाली दुकानात. तिला बापू आणेल, नाहीतर जीपने येईल. मी परत आलो की ती निघते.

शिकवणं फाइलमधून.

आज तिच्यासाठी adduser vaishali. शिवाय dukan नावाचा ग्रुप. त्यात मी, बापू, वैशाली. अल्बमचा फोल्डर ह्या ग्रुपच्या नावे केला आणि परवानगी लावली, chmod 2770. सुरुवातीचा २ मोठा गुणाचा आहे. त्या फोल्डरमध्ये कोणीही फाइल केली तरी ती दुकानाची होते, करणाऱ्याची एकट्याची राहत नाही. ज्याने कोणी हे काढलं असेल त्याचं घर मोठं असणार.

फोल्डरमध्ये sanga.txt ठेवली. तिने विचारायचं, मी उत्तर लिहायचं. पहिला धडा लिहिला तो असा:

"वाचणं r, किंमत ४. लिहिणं w, २. चालवणं x, १. बेरीज करायची. आकडे तीन: पहिला मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकीच्या जगाचा. ७७० म्हणजे मालकाला सगळं, दुकानाला सगळं, जगाला काही नाही. फोल्डरचा x वेगळा. तो म्हणजे उंबरा ओलांडायची मुभा. नुसता r असला तर दारात उभं राहून आतल्यांची नावं कळतील, आत जाता येणार नाही."

दोनदा वाचून बघितलं. यात चूक नाही.

२ मार्च

पहिला प्रश्न आला. इंग्रजी अक्षरांत मराठी. इथे आपल्या लिपीत उतरवतो, ठेवण्यासारखा आहे:

"तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि. मी लावलेला अल्बम ह्यांना सुधारता येत नाही. यादीत ग्रुप दुकानच दिसतो, पण ग्रुपच्या जागी नुसता r आहे, w नाही. माझं काही चुकलं का? कळावे. वैशाली."

कॉलेजातल्या पोरांना हा प्रश्न पडला नसता. अगदी जागेवर बोट.

उत्तर: "चि. वैशालीस आशीर्वाद. तुझं चुकलं नाही. नवी फाइल जन्मताना ग्रुपचा w काढून जन्मते. त्याला umask म्हणतात. तो 002 करायचा माझा राहिला होता. केला. पुन्हा लॉगिन कर."

मंदा विचारते, दोघं एवढं काय लिहिता? दाखवलं. म्हणाली, "सहा वर्षांत माझ्याशी एवढं बोललं न्हाई कोनी."

९ मार्च

वैशालीने पेठचा अल्बम लावला. बघितला पान-पान करून. हळदीतले पिवळे रंग बापू नेहमी भडक करतो, हिने तसेच ठेवलेत. मामाचा फोटो मामाच्या मानाने, काकांचा काकांच्या. वराच्या आत्याला अर्धं पान, कारण मानपानात आत्याचं रुसणं झालं होतं म्हणे. हे तिला पेठहून कळलेलं. मशीनला कसं कळणार.

फाइलमध्ये लिहिलं, "अल्बम उत्तम." दुपारी जेवून परत आलो तर त्याखाली: "शि. सा. न. आत्याबाई खूश होऊन गेल्या. लाडू आणलेत, डब्यात आहेत."

खाल्ले.

१७ मार्च

आजचं लिहिलंच पाहिजे.

गिऱ्हाईक फोटो निवडायला बसतं त्यासाठी pahuna नावाचा युजर आहे. त्याला दुसऱ्यांच्या लग्नातले फोटो दिसता कामा नयेत. लेकीबाळींचे असतात. फोल्डर जगाला बंद होताच, पण आतल्या फायलींवर जगाचा r दिसत होता, म्हणून सकाळी अल्बमच्या फोल्डरवर chmod -R 640. जगाला शून्य. टापटीप.

दुपारी आळ्याला जेवत होतो, तर बापूचा फोन. "दादा, फोल्डर उघडंना. पेठचं पावनं समोर बसल्यात." मागून पाहुण्यांचा आवाज: "काय राव, नवरा-नवरी आत अन् वऱ्हाड भायेर व्हय?" बापूने फोन बाजूला न धरता सांगितलं, "आमच्या दादानं कायतरी लिनक्स केलंय."

घास टाकून आलो. मशीनपाशी कोणी नव्हतं, बापू पाहुण्यांना चहाला घेऊन गेला होता, वैशाली मागच्या खोलीत फोटो कापत होती. मी मालक असून मलाच आत जाता येईना. वाटलं डिस्क गेली. मदतीची पानं उलटली.

मग sanga.txt आठवली. पण तीही आतच. तेवढ्यात मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून एक कागद सरकला. पेन्सिलीने:

"शि. सा. न. फोल्डरला x लागतो असं आपण लिहिलं होतं. यादीवरून आता ६४० आहे, त्यात x कुठे आहे?"

नाही. कुठेच नाही. -R ने फायलींबरोबर फोल्डरांचाही उंबरा गेला.

chmod -R u=rwX,g=rwX,o= मारलं. मोठा X फक्त फोल्डरांना x देतो, फायलींना नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून ६४० मारलं. उघडलं सगळं.

कागद खिशात ठेवला. घरी मंदाला वाचून दाखवला. तिला x कळलं नाही, पण हसून पाणी आलं डोळ्यांतून.

२६ मार्च

उजव्या डोळ्यापुढे धुकं, गेले काही महिने. वाटत होतं मॉनिटर जुना झाला. आज जुन्नरला डॉक्टरांना दाखवलं. मोतीबिंदू. ऑपरेशन सांगितलंय. नंतर तीन-चार आठवडे मशीनकडे बघायचं नाही.

एस.टी.त बसल्यापासून एकच विचार. बॅकअप, जुन्या लग्नांचे फोल्डर हलवणं, कोणी पासवर्ड विसरलं तर नवा देणं, हे सगळं फक्त माझ्या हातात. ऐन लग्नसराईत हे हात कोणाचे करायचे?

बापू धरून चालला असेल की त्याचे. भाऊ आहे. पण मढ.

४ एप्रिल

बापूशी बोललो. ओसरीवर, जेवणं झाल्यावर. म्हटलं, अ‍ॅडमिन वैशालीला देतो. तू रोज बाहेर, ती मशीनपाशी. तिला नीट समजतं.

सुपारी कातरायला घेतली त्याने. मग: "म्हंजी मला कायबी पुसायचं आसलं तर तिला इचारायचं?"

"मशीनमधलं."

"बायकूला इचारून फोटू पुसायचं. पावण्यांत सांगू कसं?"

मंदा आतून म्हणाली, "मीठ कुठं ठिवलंय ते इचारता का न्हाई रोज?" तो हसला नाही.

"तुमची मर्जी दादा. तुमी मोठं. मी नगं म्हनत न्हाई. पन मला इचारू नगा बरं वाटलं का म्हनून."

उठून गेला. वैशाली आतच होती, भांडी घासायचा आवाज मधेच थांबला होता.

बापूचं वाईट वाटलं. लहानपणी पतंग माझा, मांजा त्याने धरायचा. त्याला कधी सोडूनच दिली नाही मी दोरी. आता देतोय ती त्याला नाही, त्याच्या बायकोला.

पण फोटो लोकांचे आहेत.

११ एप्रिल

उद्या ऑपरेशन. दुकानातून यायच्या आधी वैशालीला अ‍ॅडमिन केलं. बरं आहे, यात मुख्य पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही. admin ग्रुपात घातलं की ती स्वतःच्याच पासवर्डने सगळं करू शकते. समोरासमोर बोलायची वेळ येत नाही. दोघांचाही संकोच वाचला.

usermod -G admin vaishali

sanga.txt मध्ये सविस्तर लिहिलं. "चि. वैशालीस आशीर्वाद. मी नसताना मशीन तुझ्या हवाली. कमांडच्या आधी sudo लावायचं, पासवर्ड तुझाच. एंटर मारण्याआधी कमांड दोनदा वाचायची. बापूचं मन राखायचं, पण मूळ फोटो आधी राखायचे." शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं, ठेवलं.

समाधानाने कुलूप लावलं.

१२ एप्रिल

झालं. दुखलं नाही. मंदा लिहू नका म्हणते. डाव्या डोळ्याने लिहितोय.

१६ एप्रिल

काळा चष्मा. धूळ नको, वाकणं नको, स्क्रीन नको. डॉक्टरांनी सांगितलं ते काटेकोर पाळतोय. वर्तमानपत्रसुद्धा मंदा वाचते, त्यात बातम्या तिच्या आवडीच्या.

दुकानाचं विचारलं. "चाललंय," म्हणाली.

वैशाली घरातच दिसली दुपारी. डोकं दुखतं म्हणे.

१९ एप्रिल

आजही घरात. काल पण. मंदाला विचारलं, डोकं अजून दुखतं? मंदा म्हणाली, "डोस्कं कशाचं. तुमी डोळ्याचं बघा."

बापू एकटाच जातो, एकटाच येतो. बोलत नाही. अल्बम तुंबले असणार.

२२ एप्रिल

मंदाकडून काढून घेतलं शेवटी. सांगवत नव्हतं तिला, पण सांगितलं.

वैशाली बारा तारखेला दुकानात गेली होती. लॉगिन झालं. अल्बमचा फोल्डर उघडायला गेली तर परमिशन डिनाइड. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिला वाटलं, त्या रात्री ओसरीवर बापू बोलला ते मनावर घेऊन मी तिचं काढून टाकलं. जाताना दार लावून गेलो, सांगितलंही नाही. ती मशीन बंद करून घरी आली. मंदाला एवढंच म्हणाली, "दादांनी बरोबरच केलं. ह्यांना वाईट वाटत व्हतं." दहा दिवस झाले.

मी म्हटलं, असं होणारच नाही. मी तर तिला सगळ्यात मोठं केलंय. चिठ्ठी लिहून ठेवलीय.

"कुठं?"

"फोल्डरात."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. मला तिचं तोंड धूसर दिसत होतं, तरी बघितलेलं कळलं.

बरं, चिठ्ठी वाचता आली नाही हे समजलं. पण फोल्डर का उघडला नाही? अ‍ॅडमिन केल्यावर उघडायला हवा. कमांड आठवतो आहे. usermod. मग -G. मग admin.

मंदा म्हणाली, "आता कमांड ऱ्हाऊ द्या. ती पोर दहा दिस तोंड लपवून बसलीय, इचारायला तोंड उघडता येत न्हाई म्हनून. तुमाला येतंय ना उघडता? का तुमालाबी फाइलच पायजेल?"

२३ एप्रिल

आज दुकानात गेलो. मंदा आणि वैशाली बरोबर. जीपमध्ये मी पुढे, त्या मागे. बापू चाकणकडे शूटिंगला.

वैशालीला मशीनपुढे बसवलं. मी मशीनकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं. स्क्रीन बघायची नाही हे डॉक्टरचं, आणि तिलाही बरं. मंदा मधल्या स्टुलावर. पहिल्यांदा मंदाला सांगणार होतो, "तिला म्हणावं..." तोंडात आलंही होतं. मंदा भिंतीकडे बघायला लागली.

मग म्हणालो, "वैशाली, groups लिही आणि एंटर मार."

मागे खुर्ची कुरकुरली. किबोर्डचा आवाज.

"काय आलं?"

मग आवाज आला. सहा वर्षं घरात ऐकलेला, पण मला उद्देशून पहिल्यांदाच. "वैशाली. अ‍ॅडमिन."

"पुढे?"

"पुढं नाय काही."

"दुकान नाही?"

"नाय, दादा."

एवढं ऐकलं आणि कळलं. नुसतं -G. आधी -a लागतो. तो नसला की आधीचे सगळे ग्रुप काढून जेवढा सांगितला तेवढाच ठेवतो. हे मी स्वतः छापून भिंतीला लावलेल्या कागदावर आहे, लाल पेनाने खूण करून.

म्हणालो, "तुला काढलं नव्हतं. मोठं करायला गेलो आणि घरातून बाहेर पडलीस, माझ्या एका अक्षरापायी. चूक माझी. बापूच्या बोलण्याचा काही संबंध नाही."

रस्त्यावर टोमॅटोचा ट्रक मागे घेत होते, तो "येऊं द्या, येऊं द्या" ऐकत आम्ही तिघं बसलो. मंदाने नाक ओढलं.

"आता हे तू दुरुस्त करायचं. तुझ्या हातात आहे ते. लिही. sudo usermod, जागा, डॅश a, मोठा G, जागा, dukan, जागा, vaishali. एंटर मारू नको. वाच."

तिने वाचलं. एकेक अक्षर, जागेसकट.

"मार."

"पासवर्ड मागतंय."

"तुझाच."

"माझा?" ह्या 'माझा'त जे होतं ते लिहिता येत नाही.

बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला लावलं. groups. "वैशाली, अ‍ॅडमिन, दुकान." मग विचारलं तिने, आपणहून: "दादा, a कशाचा?"

"भर घालण्याचा. आहे ते ठेवून."

"मग तो न्हाई लावला तर मशीननं इचारायला नको का, बाकीचं काढू का म्हनून?"

हा प्रश्न मला पडला नव्हता. म्हणालो, "विचारायला पाहिजे. पण ते विचारत नाही. ते सांगू तसं करतं."

"आपल्या घरातल्या बाप्यांसारखं न्हाई मग," मंदा म्हणाली. वैशाली हसली. माझ्यासमोर. म्हणजे पाठीमागे.

मग तिने चिठ्ठी उघडली असावी, कारण बराच वेळ किबोर्ड वाजला नाही.

२४ एप्रिल

ती दुकानात गेली. मी घरी. मंदाने वर्तमानपत्र वाचलं, ऐकलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून, पदर होता, पण थेट: "दादा, बॅकअप घेतला. नारळ फोडला नाय, पण हात जोडलं आधी."

२७ एप्रिल

बापूला सांगितलं सगळं. माझी चूक, ती दहा दिवस घरी का बसली ते. ऐकून घेतलं. म्हणाला, "मला वाटलं मी बोललो म्हनून रुसली. मी बी इचारलं न्हाई."

"विचारायचं ना."

"इचारायला लागल्यावर मग समदंच इचारावं लागतंय, दादा."

तो काही चूक बोलला नाही.

३० एप्रिल

डिस्क भरली. मागच्या सालातली लग्नं दुसऱ्या डिस्कवर हलवल्याशिवाय नवी उतरत नाहीत. मूळ फोटोंचा फोल्डर, म्हणजे अ‍ॅडमिनचं काम. उद्या बापूला सकाळीच पेठला जायचंय, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं हवं.

मी दुकानात होतो, चष्मा लावून, दाराशी. वैशाली मागच्या खोलीत पानं चिकटवत होती. बापू मशीनपुढे बसला, उठला, लेन्स पुसली, परत बसला.

"दादा, तुमीच करा की. दोन मिनटाचं काम."

"डॉक्टरांनी बघू नको म्हणून सांगितलंय."

"एका डोळ्यानं."

"नाही."

आतल्या दाराकडे बघितलं त्याने. दार उघडंच होतं. कात्रीचा आवाज येत होता. हाक मारली नाही. "ऱ्हाऊ द्या. उद्या बघू," म्हणाला आणि कार्ड खिशात घातलं.

दुकान बंद केलं. किल्ली माझ्याकडे. ती दोघं मोटारसायकलवर बसली, मी जीपच्या रांगेकडे निघालो. मागे गाडी चालू झाल्याचा आवाज येईना म्हणून वळून बघितलं. बापू किकवर पाय ठेवून तसाच. मान मागे करून तिला काहीतरी बोलला. फाट्यावर जीपवाले जुन्नर-जुन्नर ओरडत होते, मला ऐकू आलं नाही.

ती उतरली. माझ्याकडे चालत आली, पदर डोक्यावर, नजर मात्र वर.

"दादा, किल्ली."

"काही राहिलं का?"

"ह्ये म्हनत्यात..." एवढंच बोलली.

किल्ली दिली. तिने शटर उचललं, आत लाइट लागली. बापू बाहेरच, गाडीला टेकून, तोंड रस्त्याकडे. आत जातो का ते बघायला मी थांबलो नाही. आळ्याच्या जीपमध्ये एक जागा होती, बसलो.